चुंबक आत-बाहेर होतो, काटा मात्र ढिम्म: प्रवर्तनाचा प्रयोग नेमका कुठे अडतो

तक्रार दरवर्षी तीच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांत विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा (चुंबक हलवून तारेत प्रवाह निर्माण करण्याचा) धडा आला की कपाटातून कॉइल, पट्टीचुंबक आणि गॅल्व्हानोमीटर (बारीकसा प्रवाह काट्याने दाखवणारं उपकरण) बाहेर निघतात. चुंबक आत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. काटा शून्यावर बसलेला. पहिल्या बाकावरचा एखादा "हलला, हलला" म्हणतो आणि मागचे त्याच्या शब्दावर वहीत निरीक्षण लिहून मोकळे होतात. निष्कर्षही ठरलेला: चुंबक जुना झालाय, नवा मागवा. नवा येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

चुंबक जुना असूही शकतो. पण बहुतेक वेळा घोटाळा दुसरीकडे असतो: नीट न खरवडलेली तार, गॅल्व्हानोमीटरच्या मागे विसरलेला तारेचा तुकडा, नाहीतर चुंबक ढकलणारा हात. हातातला दोष सगळ्यात कमी ओळखला जातो, म्हणून त्यावर खाली जास्त लिहिलं आहे.

आधी हिशेब: काटा किती हलायला हवा?

हे माहीत नसेल तर बिघाड आहे की नाही हेच कळत नाही. शाळेतला नेहमीचा गॅल्व्हानोमीटर ३०-०-३० विभागांचा असतो. त्याचा रोध साधारण ५० ते १०० ओहम आणि एका विभागाला २० ते ३० मायक्रोअँपिअर लागतात. आपण ७० ओहम आणि २० मायक्रोअँपिअर धरू. साडेसात सेंटिमीटर लांबीच्या, बऱ्या अवस्थेतल्या पट्टीचुंबकाचं फ्लक्स (त्यातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं एकूण माप) ०.००००१ वेबरच्या आसपास असतं.

चुंबक बाहेरून कॉइलच्या मध्यापर्यंत नेला की सर्किटमधून वाहणारा एकूण प्रभार (चार्ज) म्हणजे वेढे गुणिले फ्लक्स, भागिले एकूण रोध. पुस्तकातल्या कृतीसारखी ५०-६० वेढ्यांची कॉइल घेतली तर हा प्रभार फक्त ८ मायक्रोकूलोम होतो. ०.३ सेकंदात चुंबक आत नेला तर सरासरी प्रवाह २८ मायक्रोअँपिअर, म्हणजे दीडच विभाग. त्यात काट्याचं जडत्व. मागच्या बाकावरून काही दिसायचं नाही, आणि यात कुणाचीच चूक नाही.

तेच ६०० वेढे घेतले तर प्रभार ७० मायक्रोकूलोमपर्यंत जातो आणि काटा १० ते १२ विभाग सरकतो. तेव्हा कॉइलवर ६०-७० च वेढे असतील तर बाकीचं तपासत बसू नका. नवी कॉइल गुंडाळा.

वेढे वाढवत नेले की परिणाम त्याच पटीत वाढतो असंही नाही. तारेचा रोधही वाढतो. ६०० चे १२०० केले तर काटा दुप्पट नाही, पावणेदोन पटीच्याही आतच जातो. वर्गासाठी ६०० ते १००० पुरेत.

गॅल्व्हानोमीटर जिवंत आहे का?

यासाठी सेलसुद्धा लागत नाही. टर्मिनलना काहीही न जोडता गॅल्व्हानोमीटर हातात धरून डावी-उजवीकडे हलकासा झुलवा. काटा मोकळेपणी डोलतो. आता दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि तसाच झुलवा. काटा लगेच जड झाल्यासारखा, मधातून फिरल्यासारखा हलला पाहिजे. आतली कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात फिरते, तिच्यात प्रवाह निर्माण होतो आणि तोच तिला अडवतो. लेंझचा नियम इथे फुकट दाखवून होतो. टर्मिनल जोडून आणि सोडून काहीच फरक पडत नसेल तर आतली कॉइल किंवा तिची स्प्रिंग तुटली आहे. बाकी काही तपासण्यात अर्थ नाही.

उलटही होतं: काहीही न जोडता काटा आधीपासूनच जड. मग मागची बाजू बघा. गॅल्व्हानोमीटरचा अँमीटर करण्याच्या प्रयोगानंतर शंट (प्रवाहाला समांतर वाट) म्हणून लावलेला तारेचा तुकडा टर्मिनलमध्ये तसाच राहिलेला असतो. कॉइलमधून आलेला सगळा प्रवाह त्या तुकड्यातून निघून जातो. हा दोष इतका नेहमीचा आहे की पहिली नजर तिथेच टाकावी.

सेल लावून तपासायचं असेल तर सेल थेट जोडू नका. दीड व्होल्टला ७० ओहममधून २१ मिलिअँपिअर जातात आणि काटा टोकाला जायला ०.६ मिलिअँपिअरच पुरतात. म्हणजे पस्तीस पट. काटा वाकतो किंवा स्प्रिंग जळते. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मिळतो (पट्टे पिवळा, जांभळा, लाल). तो मालिकेत जोडून पेन्सिल सेल क्षणभर लावा. काटा १० ते १६ विभागांवर जावा. जाता जाता हेही टिपून ठेवा: सेलचं धन टोक कोणत्या टर्मिनलला लावलं तेव्हा काटा कोणत्या बाजूला गेला. दिशा ठरवताना हे उपयोगी पडतं.

काटा मध्येच अडकत असेल तर वरची काच किंवा प्लास्टिक बघा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत प्लास्टिकचं झाकण कोरड्या फडक्याने पुसलं की त्यावर स्थिर विद्युत बसते आणि काटा वर ओढला जाऊन तिथेच थबकतो. झाकणावर तोंडाने वाफ सोडा, नाहीतर किंचित ओल्या फडक्याने पुसा. काटा सुटतो.

गॅल्व्हानोमीटर नाही म्हणून ०-३ अँपिअरचा अँमीटर लावणाऱ्यांनी तो लगेच काढावा. त्याचा सगळ्यात लहान भागसुद्धा आपल्या प्रवाहाच्या शेकडो पट आहे. स्वस्त डिजिटल मल्टिमीटरही कामाचा नाही. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि आपली झुळूक दोन आकड्यांच्या मधेच निघून जाते.

कॉइल: बाहेरून चांगली, आतून मेलेली

कॉइलच्या तारेवर इनॅमलचा, वीज न वाहू देणारा थर असतो. तांब्याचा रंग आणि इनॅमलचा रंग इतका सारखा की टोक उघडं आहे असंच वाटतं. ब्लेडने तारेच्या चारही बाजूंनी, किमान दीड सेंटिमीटर खरवडा आणि मग काचपेपर फिरवा. एकाच बाजूने खरवडलं तर स्क्रू दुसऱ्याच बाजूला टेकतो.

मग मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून रोध मोजा. गॅल्व्हानोमीटर आधी सोडवा. ३२ नंबरच्या तारेचे ६०० वेढे, २५ मिलिमीटरच्या पाइपवर गुंडाळलेले असतील तर सुमारे १५ ओहम यायला हवेत. नुसता "१" दिसला तर तार तुटलेली किंवा टोक न खरवडलेलं. आकडा नाचत असेल तर जोडणीच्या वायरीत, बहुतेक क्रोकोडाइल क्लिपच्या तोंडाशीच, आतून तार तुटलेली असते. वायर तिथे हलवून बघा.

पंधरा ओहम बरोबर आले, गॅल्व्हानोमीटर चांगला, तरी काटा हलत नाही? मग कॉइल उलटसुलट गुंडाळलेली असण्याची दाट शक्यता. एक थर संपला की तार परत फिरवायची असते, पण पाइपभोवती फिरण्याची दिशा तीच राहिली पाहिजे. मुलं थर संपला की पाइपच उलटा धरतात आणि दुसरा थर विरुद्ध दिशेने चढतो. पहिल्या थरात जे निर्माण होतं ते दुसऱ्यात खलास. मल्टिमीटरला यातलं काही कळत नाही. तपासायची रीत अशी: कॉइलला फक्त एक पेन्सिल सेल लावा आणि तिच्या वेढ्यांच्या मध्यापासून पाच सेंटिमीटरवर, तोंडासमोर होकायंत्र ठेवा. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम असावा. चांगली ६०० वेढ्यांची कॉइल होकायंत्राची सुई ४५ अंशांच्या पुढे नेते. सुई जेमतेम हलली तर कॉइल सोडून पुन्हा गुंडाळा. तीनशे-तीनशेच्या दोन कॉइल मालिकेत जोडल्या असतील तर त्याआधी एकीची टोकं बदलून पाहा.

नवी कॉइल करायची तर २५ मिलिमीटरचा वायरिंगचा पीव्हीसी पाइप, आठ सेंटिमीटर तुकडा, आणि पुठ्ठ्याच्या दोन चकत्या दोन सेंटिमीटर अंतरावर चिकटवून. या दोन सेंटिमीटरमध्ये ३२ नंबरची तार थराला साधारण ६५ वेढे बसते, नऊ-दहा थर होतात. लागते ५२ मीटर, वजन तीसेक ग्रॅम. दुकानात मीटरवर नाही, वजनावर मिळते. "बत्तीस नंबर, पन्नास ग्रॅम" म्हणायचं.

उसाच्या पट्ट्यात, निपाणी-चिकोडी-रायबागकडे, पंपसेटच्या मोटारी गुंडाळणारी दुकानं गावोगाव आहेत. तिथून जुनी तार फुकट मिळते, आणि तीच घात करते. पंपाची तार जाड असते, दोन सेंटिमीटरमध्ये तिचे ६०० वेढे मावतच नाहीत. जळालेल्या मोटारीतून काढलेली असेल तर इनॅमल करपलेलं असतं आणि वेढे आपसात शॉर्ट होतात. सबमर्सिबलची तार प्लास्टिकच्या जाड वेष्टणातली, तीही नको. फॅन रिवाइंडिंगची नवी तार मागा. ती बारीक असते, शाळेच्या कामाला तीच बरी.

पाइप लोखंडी नको. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेल्या कॉइलमध्ये चुंबक आतल्या भिंतीला चिकटतो आणि त्याचं फ्लक्स पाइपच्या लोखंडातूनच परत फिरतं. तारेपर्यंत फार थोडं पोहोचतं. आणि कॉइल दहा-बारा सेंटिमीटर लांब पसरवू नका. आखूड चुंबक एका वेळी त्यातल्या थोड्याच वेढ्यांत असतो, बाकीचे वेढे नुसता रोध वाढवतात.

हात: इथेच बहुतेक प्रयोग मरतात

आता मुख्य गोष्ट. सगळं साहित्य ठीक, आणि शिक्षक उत्साहाने चुंबक एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने सपकन बाहेर काढतात. काटा जागच्या जागी थरथरतो. का?

चुंबक आत येताना फ्लक्स वाढतं, प्रवाह एका दिशेला. बाहेर जाताना फ्लक्स घटतं, प्रवाह उलट्या दिशेला. दोन्ही मिळून एकूण प्रभार शून्य. गॅल्व्हानोमीटरचा काटा सुस्त, त्याला एक झोका घ्यायला सेकंदभर लागतो. सगळा खेळ पाव सेकंदात आटोपला तर काट्याला पहिला धक्का आणि दुसरा धक्का जवळजवळ एकदमच बसतात आणि तो कुठेच जात नाही. जितक्या जोराने आरपार काढाल तितका काटा कमी हलेल. पुस्तक "वेगाने हलवा" सांगतं आणि वेग वाढवल्यावर परिणाम नाहीसा होतो, गोंधळ उडणारच.

म्हणून चुंबक मध्यापर्यंत न्या आणि तिथे थांबा. काटा एका बाजूला जाऊन शून्यावर परत येऊ द्या. चुंबक आत असूनही काटा शून्यावर आहे हे मुलांना बघू द्या. स्थिर चुंबक काही करत नाही हा अर्धा धडा त्या थांबण्यातच आहे. मग ओढून बाहेर काढा, काटा दुसऱ्या बाजूला. मध्य कुठे आला हे कळावं म्हणून चुंबकाच्या मधोमध पांढऱ्या टेपचा वेढा लावून ठेवा.

दुसरी तक्रार याचाच भाऊ आहे: "वेग दुप्पट केला तरी काटा तितकाच जातो." बरोबरच आहे. काट्याच्या सुस्तीपेक्षा चुंबक वेगाने आत गेला की काटा किती फेकला जाईल हे फक्त एकूण प्रभारावर ठरतं, आणि वर पाहिलं तसं प्रभाराच्या सूत्रात वेळ येतच नाही. ०.२ सेकंदात नेला काय आणि ०.१ सेकंदात नेला काय. वेगाचा परिणाम दाखवायचा तर वेग वाढवून नाही, कमी करून दाखवावा लागतो. त्यासाठी चुंबक जोरदार हवा. १२ मिलिमीटर व्यासाच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या चार निओडिमियम चकत्या एकावर एक लावून लाकडी काडीच्या टोकाला टेपने बांधा. कॉइलच्या तोंडाबाहेर चार-पाच सेंटिमीटरवरून मध्यापर्यंत आधी चार सेकंद मोजत न्या, मग दोन, मग एक. काटा अंदाजे ५, १० आणि २० विभागांच्या आसपास जातो. आकडे तंतोतंत येणार नाहीत, कारण हात एकसारखा चालत नाही, पण चढता क्रम चुकत नाही. हाच चुंबक झटक्याने घातला तर काटा टोकाला आदळतो, ते टाळा.

कुठल्या तरी कॉलेजातून किंवा विज्ञान केंद्रातून एक्सपायज मिळालं तर मात्र काम सोपं. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात तयार झालेलं हे छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडतात, आणि पडत्या चुंबकाने निर्माण केलेला व्होल्टेजचा आलेख पडद्यावर उमटतो: एक शिखर वर, एक खाली. खालचं जरा मोठं आणि अरुंद, कारण बाहेर पडेपर्यंत चुंबकाचा वेग वाढलेला असतो.

खोटं यश

निओडिमियम घेतला की नवी भानगड. तो गॅल्व्हानोमीटरजवळ फिरवला तर तार न जोडताही काटा हलू शकतो. वर्ग टाळ्या वाजवतो आणि प्रवर्तन झालेलंच नसतं. दरवेळी एकदा कॉइल सोडवून चुंबक तसाच हलवून दाखवा. काटा शांत राहिला पाहिजे. गॅल्व्हानोमीटर मीटरभर लांब ठेवा, जोडणीच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून.

हीच काळजी जिनिव्हाच्या जाँ-दानिएल कोलादाँ यांनी १८२५ मध्ये जरा जास्तच घेतली होती. चुंबकाचा थेट परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला, चुंबक कॉइलमध्ये घातला आणि मग बघायला चालत गेले. तोवर काटा शून्यावर परत आलेला. फॅरडेंच्या १८३१ च्या शोधाला सहा वर्षं बाकी होती. वर्गातही तेच घडतं: चुंबक हलवणारा आणि काटा बघणारा वेगळा हवा, आणि शक्यतो सगळ्यांनी बघायला हवं. मोबाइलचा कॅमेरा काट्यावर रोखून स्मार्ट टीव्हीवर दाखवला तर "हलला, हलला"चा प्रश्न मिटतो. फक्त मोबाइल निओडिमियमपासून लांब.

चुंबकाची परीक्षा

आता चुंबकाकडे वळू. टाचण्या किती उचलतो यावरून काही नीट ठरत नाही. होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा. लोखंडी बाक नको. चुंबक त्याच्या बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला, टोक होकायंत्राकडे करून ठेवा आणि हळूहळू जवळ आणा. सुई ४५ अंश वळली की चुंबकाच्या मध्यापासून होकायंत्राच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. आपल्या भागात पृथ्वीचं क्षितिजसमांतर क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, त्यामुळे १५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांबूनच ४५ अंश आले तर चुंबक ठीक. सात-आठ सेंटिमीटरपर्यंत यावं लागलं तर त्याच्यात जीव नाही. जीव नसलेल्या चुंबकावर निओडिमियम घासत बसण्यापेक्षा निओडिमियमच वापरा.

लाल रंग उत्तर ध्रुव, हे रंगावर सोडू नका. निओडिमियमसोबत एकाच डब्यात राहिलेल्या पट्टीचुंबकाचे ध्रुव उलटलेले सापडतात आणि रंग तसाच असतो.

निओडिमियम चकत्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. दोन गिळल्या गेल्या तर आतड्यात एकमेकींना चिकटतात. पेसमेकर असलेल्या व्यक्तीपासूनही लांब.

दिशा पुस्तकाशी जुळत नाही

उत्तर ध्रुव आत नेताना कॉइलचं जवळचं तोंड उत्तर ध्रुवासारखं वागलं पाहिजे, म्हणजे चुंबकाच्या बाजूने बघता प्रवाह घड्याळाच्या उलट. जुळत नसेल तर तीनच शंका: चुंबकाचे ध्रुव, कॉइल गुंडाळण्याची दिशा, गॅल्व्हानोमीटरची टर्मिनलं. पहिली होकायंत्राने, तिसरी वर टिपलेल्या सेलच्या नोंदीने मिटते. दुसरीसाठी कॉइलवर मार्करने बाण काढून ठेवा. एकदाच करायचं काम.

दोन कॉइल आणि कळ

एका कॉइलला सेल आणि कळ, शेजारच्या कॉइलला गॅल्व्हानोमीटर. इथे काटा जवळजवळ कधीच हलत नाही, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: मधे लोखंड नाही. सेलच्या कॉइलला २८ नंबरच्या तारेचे १०० वेढे, एक मोठा टॉर्चचा सेल, प्रवाह अंदाजे एक अँपिअर. हवेतच ठेवलं तर शेजारच्या ६०० वेढ्यांच्या कॉइलमध्ये जेमतेम १०-१२ मायक्रोकूलोम जातात, चुंबकाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतके. दोन्ही कॉइलमधून १६ मिलिमीटरचा, दहा सेंटिमीटर लांब एमएस (साध्या लोखंडाचा) बोल्ट घाला, परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा गावच्या लेथवर असला तुकडा भंगारातही सापडतो. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घेऊ नका, बहुतेक स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही.

पेन्सिल सेल इथे टिकत नाहीत, कळ दाबताच दमतात. कळ दाबून धरू नका. काटा फक्त दाबताना आणि सोडताना हलतो, मधल्या काळात सेल आणि कॉइल तापतात एवढंच. सेलऐवजी साधा, फिल्टर नसलेला बॅटरी एलिमिनेटर लावला असेल आणि हेस्कॉमने मधेच लाइट घालवली, तर काटा आपोआप हलेल. तेही प्रवर्तनच, धड्यात धरून टाका.

एलईडी पेटत नाही

पाइपमधून चुंबक सोडून एलईडी चमकवण्याचा प्रयोग मागच्या बाकापर्यंत पोहोचतो, म्हणून आमची पसंती याला. पीव्हीसी पाइप ७०-८० सेंटिमीटर, वरून ४०-५० सेंटिमीटरवर ३६ नंबरच्या तारेचे १००० वेढे, दोन सेंटिमीटर रुंदीत. तार २५ ग्रॅमभर लागते, रोध ५० ओहमच्या आसपास. दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडा: एक चुंबक आत येताना चमकतो, दुसरा बाहेर पडताना.

पेटत नसतील तर क्रमाने बघा. एलईडी पांढरे आहेत का? त्यांना तीनेक व्होल्ट लागतात, लाल पावणेदोन-दोनवर पेटतात. चकती एकटीच सोडली का? व्यासापेक्षा पातळ चकती पाइपमध्ये कोलांट्या खाते आणि ध्रुव आडवे झाले की कॉइलला काहीच मिळत नाही. चार चकत्यांची वीस मिलिमीटर लांब रास सरळ उतरते. पाइप फार रुंद आहे का? चुंबकाच्या बाहेरून परत फिरणारं फ्लक्सही मग कॉइलच्या आतच येतं आणि वजा होतं. १२ मिलिमीटरचा चुंबक आणि २५ चा पाइप इथेच जवळजवळ चाळीस टक्के असे जातात, त्याहून रुंद नको. आणि खिडक्या बंद करा; चमक काही मिलिसेकंदांचीच असते. पाइपखाली कापूस किंवा फोमचा तुकडा ठेवा, फरशीवर पडलेल्या निओडिमियमचे तुकडे उडतात.

चुंबक धातूच्या पाइपमधून सावकाश उतरण्याचा प्रयोग (पाइपमध्येच निर्माण झालेला प्रवाह त्याला अडवतो) फसला तर पाइप कशाचा ते विचारा. पडद्याच्या स्टेनलेस नळीचा विद्युतरोध तांब्याच्या चाळीसेक पट असतो, चुंबक सरळ खाली येतो. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडची ५/८ इंची तांब्याची नळी घ्या, किंवा जाड भिंतीचा ॲल्युमिनिअमचा पाइप.

ठेवताना

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने कपाट बंद राहिलं की टर्मिनलवर हिरवट थर आणि क्लिपांवर गंज चढतो. जूनआधी टर्मिनल काचपेपरने पुसून व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्या, वापरताना पुसून टाका. पट्टीचुंबक जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी, मधे लाकडाची पट्टी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावून ठेवा. निओडिमियमला वेगळा डबा. गॅल्व्हानोमीटर नेताना-आणताना दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडून ठेवा, म्हणजे धक्क्यांनी काटा आपटत नाही. आणि त्या तुकड्याला एक लाल दोरा बांधा, त्यावर चिठ्ठी: "प्रयोगाआधी काढणे".